कोपऱ्यावरच्या लिंबाची सुनावणी

सांगोल्याकडचं गाव सोडून आम्ही सोलापुरात आलो तेव्हा आईबरोबर दोन शेळ्या, एक काठवट आणि मी, एवढाच संसार होता. गावात टँकर आला तर पाणी, नाही तर नुसतीच टँकरची वाट. वडील आधी येऊन मार्केट यार्डात पोती उचलायला लागले होते. त्यांना खोली मिळाली ती पत्र्याची. सोलापूरचा उन्हाळा आणि डोक्यावर पत्रा, हे ज्याने सोसलं नाही त्याला सांगून कळायचं नाही आणि ज्याने सोसलंय त्याला सांगायची गरज नाही. दुपारी हंड्यातलं पाणी आंघोळीला चालायचं. पिण्यासाठी मात्र ते फुंकून प्यावं लागायचं.

आई कडक भाकरी करून विकायची. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि वाऱ्याला ठेवून पापडासारखी कडक होऊ द्यायची. नव्या पेठेतले दोघे-तिघे दुकानदार त्या घ्यायचे. पण मे महिन्यात त्या खोलीत चूल पेटली की भाकरीच्या आधी आईच भाजून निघायची. एका दुपारी ती चुलीसमोर चक्कर येऊन पडली. वडिलांनी तिला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं, त्यांना दुसरी पद्धत येतच नव्हती, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली नेऊन निजवलं. आमच्याकडे त्याला नुसतं लिंब म्हणतात. थोड्या वेळाने आईने डोळे उघडले, वर बघितलं आणि म्हणाली, "हितं लई गार हाय. चूल हितंच आणा."

चूल गेली. चुलीमागून बाजलं गेलं, बाजल्यामागून शेळ्या गेल्या, शेळ्यांमागून माझं दप्तर गेलं. पत्र्याच्या खोलीत आम्ही फक्त भांडी आणि उन्हाळा ठेवायचो. लिंबाच्या दुसऱ्या अंगाला एक शिंपीचाचा शिलाई मशीन घेऊन बसायचे. त्यांच्या मशीनच्या खडखडाटात मी पाढे पाठ केले, त्यामुळे आजही मला सतराचा पाढा मशीनच्या चालीवरच येतो.

त्याच लिंबाखाली बसून मी बी.एस्सी. झाले. वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या सगळ्या खानदानात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगते. ज्यांच्या घरात आजोबाही पदवीधर होते त्यांनी खुशाल नम्र राहावं. मला परवडत नाही.

निकाल लागला तेव्हा वडिलांनी यार्डात पेढे वाटले. आईने त्याहून मोठं काम काढलं. लिंबाला पार बांधायचा. गल्लीने वर्गणी दिली, चाचांनी मिस्त्री गाठला आणि झकास सिमेंटचा, चकचकीत फरशीचा पार उभा राहिला. मधल्या एका फरशीवर रंगाऱ्याकडून 'बी.एस्सी.' एवढंच लिहून घेतलं. नाव नको म्हणाली आई, नजर लागते. पदवीला नजर लागत नसावी.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "आई, बुंध्याभोवती मोकळी माती ठेवायला सांग. मुळांना पाणी-हवा लागते."

"पुस्तकातलं झाड येगळं, गल्लीतलं येगळं," आई म्हणाली.

मिस्त्रीने माझ्या पदवीचा मान राखून बुंध्याभोवती बोटभर फट ठेवली. ती फट पुढे शेंगांच्या टरफलांनी बुजली.

मला नोकरी लागली ती शहराच्या उद्यान विभागात, झाडांच्या कामावर. यार्डातल्या एका काकांनी वडिलांना विचारलं, "पोरगी काय करती?" वडील म्हणाले, "झाडं सांभाळती." काका म्हणाले, "मग शिकवली कशाला? आमची म्हातारी न शिकता सांभाळती की." वडिलांनी त्यांना त्या दिवशी पोतं उचलायला हात लावला नाही.

नोकरीत मी काय करते ते थोडक्यात सांगते. शहरातलं झाड कुणालाही मनात आलं म्हणून तोडता येत नाही. आधी अर्ज करावा लागतो. मग आम्ही त्या झाडावर नोटीस लावतो, की हे झाड काढायचा अर्ज आलाय, कुणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या. हरकत आली तर सुनावणी होते. हरकत आली नाही, तर झाडाच्या बाजूने कोण बोलणार? झाडाला वकील मिळत नाही. कायदा चांगला आहे. अडचण एवढीच, की नोटिशीची भाषा अशी असते, की वाचणाऱ्याला वाटावं झाडाने कर थकवलाय.

एका मे महिन्यात टेबलावर एक अर्ज आला. कोपऱ्यावरचा लिंब, धोकादायक, काढून मिळावा. अर्जदार आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचं नवं दुकान टाकलेले शेट. त्याच वेळी गल्लीत गटार आणि काँक्रीटचा रस्ता मंजूर झाला होता, आणि गटाराची रेघ नेमकी लिंबातून जात होती. म्हणजे लिंबाला दोन्हीकडून घेरलं होतं.

मी सरळ आमच्या साहेबांकडे गेले. "साहेब, हे झाड माझ्या दारातलं आहे. माझी आई त्याच्याखाली चूल मांडते. हे प्रकरण मी बघणं बरं नाही."

साहेबांनी चष्मा वर केला. "निर्णय मी घेतो. तू नोटीस लाव. निदान पत्ता विचारत फिरावं लागणार नाही."

त्या सकाळी मी आईला म्हटलं, "मला थोडी खळ करून दे." झाडाला खिळा ठोकायचा नाही हा आमचा नियम, म्हणून कागद पिठाच्या खळीनेच चिकटवायचा.

"कशाला?"

"लिंबावर नोटीस लावायचीय."

"कसली नोटीस?"

सांगितलं. आईने पिठाचा डबा पुढे ओढला. आई काही बोलली नाही की मला धास्ती वाटते. तिने ज्वारीच्या पिठाची घट्ट खळ करून दिली. मी नोटीस लावली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर बुंधा स्वच्छ. आमची पांढरी शेळी शेजारी उभी राहून रवंथ करत होती, आणि तिच्या ओठावर सरकारी शिक्क्याचा जांभळा डाग होता.

"आई, शेळी सोडली कुणी?"

"दावं ढिलं झालं आसंल. मुकं जनावर ते, त्येला काय वाचता येतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा नोटीस, पुन्हा खळ, पुन्हा शेळी. शेटनी ऑफिसात फोन केला, की तुमची नोटीस दिसत नाही. साहेबांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं, "साहेब, शेळीने खाल्ली." साहेब म्हणाले, "दोन्ही वेळा?" मी म्हटलं, "तिला आवडली." मुदत प्रत्येक वेळी नव्याने मोजायची, असं त्यांनी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी मला शंका आली. मी खळीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं. खारट! चांगलं मूठभर मीठ. बाकी काय सांगायचं, शेळीला मीठ म्हणजे आपल्याला शेंगाचटणी.

"आई!"

"मिठानं कागद चांगला बसतो म्हनं."

"कोण म्हणतं?"

"शेळी."

मी हसले नाही, म्हणजे तिच्या समोर हसले नाही. पण बजावलं, "आई, शेळीने नोटीस खाऊन झाड वाचत नाही. मी आहे ना पदवीधर? माझ्या पद्धतीने बघू." मग मी ती नोटीस सुतळीने बांधली, शेळीचं तोंड पोचणार नाही इतकी उंच. बांधून खाली उतरले तेव्हा लक्षात आलं, की आता माणसालाही वाचता येणार नाही. म्हणून पाराजवळ उभी राहिले आणि मोठ्याने वाचून दाखवली. सरकारी भाषेत एकदा आणि आमच्या भाषेत एकदा. "ह्यो लिंब काढायचा अर्ज आलाय. तुमाला चालत नसंल तर लिहून द्या. ऑफिस ऐकून घेतं. ऐकून घ्यावंच लागतं."

मग चाचांनी मशीनवरचा पाय काढला. "मतलब, हमसे पूछते क्या?"

"विचारतात, चाचा. कायद्याने विचारावंच लागतं."

"आज तक किसी ने पूछा नईं," चाचा म्हणाले, आणि असे खूश झाले की हरकत कसलीही असो, द्यायचीच.

हरकती आल्या. कशा आल्या ते मला विचारू नका, मला त्या सगळ्या आमच्या साहेबांसमोर ठेवायच्या होत्या. चाचांनी मुलीकडून लिहून घेतलं, की उन्हात बसलो तर सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे दोन सुया दिसतात आणि दोरा नेमका नसलेल्या सुईत जातो. पलीकडची तेलुगू बोलणारी मावशी म्हणाली, माझा नवरा रागावला की इथेच येऊन बसतो, झाड गेलं तर तो घरात बसेल, माझा विचार करा. आईची हरकत मी लिहायची नाही म्हणून ती चाचांच्या मुलीने लिहिली. "लिंब गेला तर मी परत पत्र्याखाली चूल मांडीन आन् परत चक्कर येऊन पडीन. या बारीला उचलायला माझ्या मालकाच्या कमरंत जोर न्हाई." सगळ्या हरकतींत विनोद नसलेली ती एकच होती.

साहेबांनी सुनावणी झाडाजवळच ठेवली. दुपारची. मे महिन्यातली. ही वेळ त्यांनी निवडली की गल्लीने फोन करून सुचवली, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही.

मी ऑफिसच्या गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. मंडपवाल्याच्या लोखंडी खुर्च्या समोरच्या उघड्या जागेत ओळीने मांडलेल्या. पुढे रांगोळी. सगळी गल्ली मात्र लिंबाखाली गारव्याला उभी. साहेब, रस्त्याचा तरुण इंजिनिअर आणि शेट, तिघांना आईने हात जोडून उन्हातच उभं केलं, कारण आधी सत्कार. आमच्या सोलापुरात पाहुण्याचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार झाल्याशिवाय काम सुरू होत नाही. चाचांनी सत्काराचं भाषण केलं. इतकं लांब भाषण मी पुढाऱ्यांचंही ऐकलेलं नाही. इंजिनिअरच्या कानामागून घाम सुटला, साहेबांनी टोपी घातली ती काढायचं नाव घेईनात.

"बसा की साहेब," आई म्हणाली.

साहेब बसले आणि बसताक्षणी उठले.

"काय झालं साहेब?"

"खुर्ची जरा... तापलीय."

"आगं बाई! सकाळधरनं हितंच हायत्या न्हवं. सावलीत मांडनार व्हतो, पन म्हटलं झाड तर जानारच हाय. साहेबांस्नी आत्तापासनं सवय आसलेली बरी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. इंजिनिअरने सत्काराचा टॉवेल चौघडी करून खुर्चीवर ठेवला आणि बसायचा प्रयत्न केला. सोलापुरी टॉवेल जाड असतो, पण तेवढाही नाही. शेवटी साहेब हसले, टोपी सारखी केली आणि सरळ येऊन पारावर बसले. बाकीचे दोघे मागोमाग आले.

शेटनी बाजू मांडली. झाड जुनं आहे, धोकादायक आहे, कधी पडेल नेम नाही. दुकानाची पाटी झाकली जाते हे त्यांनी सांगितलं नाही, पण सांगताना पाटीकडे बघितलं.

आईने पदर खोचला. "शेट, ती पांढरी गाडी कुनाची?"

लिंबाखाली, सगळ्यांत दाट सावलीत, कव्हर घालून एक नवी कोरी गाडी उभी होती. रोजच असायची.

"माझी," शेट म्हणाले.

"आवं मग पळवा की आदी! नेम न्हाई म्हनताय न्हवं? चाचा, तुमी पन मशीन काढा. शेट म्हनत्यात आत्ता पडंल."

"मेरी तो जवानी इसीच के नीचे गई शेट," चाचा कळवळून म्हणाले, "पैले बोलना था ना!"

गल्लीत हशा फुटला. इंजिनिअर तोंडावर टॉवेल धरून हसला. शेट लाल झाले, पण माणूस कच्चा नव्हता. त्यांनी वर बोट केलं. "हसा. पण शेंड्याकडे बघा. फांदी वाळलीय. ती माझ्या गाडीवर पडली काय आणि तुमच्या चुलीवर पडली काय."

सगळ्यांनी वर बघितलं. हसू बंद झालं. फांदी खरंच वाळली होती, आणि तिच्याखालची पानंही विरळ झाली होती.

साहेब माझ्याकडे वळले. "तू सांग. निर्णय माझा, पण शिकलीस तू."

मला कारण माहीत होतं. मी आईकडे न बघता बोलले. "साहेब, हा पार. बुंध्यापर्यंत सिमेंट भरलंय. पाणी मुळाशी उतरत नाही, हवा मिळत नाही. झाड तहानलंय. पार काढून माती मोकळी केली, वाळलेली फांदी नीट छाटली, तर झाड सावरेल असं मला वाटतं. पार तसाच राहिला तर शेट म्हणतात ते आज ना उद्या खरं होईल."

"पार काढायचा?" आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ह्यो पार तुझ्या पदवीचा हाय."

"म्हणूनच सांगतेय. पदवीत हेच शिकवलं."

साहेब म्हणाले, "बाई, पार काढणार असाल तर मी झाड ठेवतो. नसाल तर मला अवघड आहे."

आई उठली आणि घरात गेली. मला वाटलं ती रुसली. गल्लीलाही तसंच वाटलं. शेट रुमालाने मान पुसू लागले. आई बाहेर आली ती हातात वरवंटा घेऊन. साहेब पारावरून चटकन उठले. तिने आधी 'बी.एस्सी.'ची फरशी चुलीजवळच्या उलथन्याने अलगद सोडवली, कडा न मोडता, पुसली आणि माझ्या हातात दिली. "ही घरात लावू." मग शेजारच्या फरशीवर वरवंटा घातला. पहिला घाव तिचा. पुढचे चाचांचे. नंतर इंजिनिअरनेही बाह्या वर केल्या, पण दोनच घाव घालून तो म्हणाला की आपण गटाराचं बघू.

आणि त्याने बघितलं. नकाशा बॉनेटवर पसरला, शेटच्या गाडीच्या, आणि म्हणाला, "नकाशात हे झाडच दाखवलेलं नाही. इथे नुसता मोकळा कोपरा आहे. गटार समोरच्या बाजूने घेतलं तरी उतार मिळतो." साहेब म्हणाले, "मग घ्या." रस्ता त्या वळणावर थोडा अरुंद होणार होता. कुणाची हरकत आली नाही. शेटचीही नाही, कारण फांदी छाटली की पाटी दिसणार होती आणि गाडीला सावली राहणार होती. त्यांच्या अर्जातून निघालं काय, तर त्यांना हवं ते सगळं, फक्त झाडासकट.

त्या दुपारचा आमच्या ऑफिसला फायदा झाला. साहेबांनी रस्त्याच्या लोकांशी बोलून ठरवून घेतलं, की नव्या कामाचा नकाशा आखायच्या आधी आमच्यातलं कुणीतरी जाऊन उभी झाडं त्यावर मांडायची. झाड आधी, रेघ नंतर. बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडायचं काम आम्ही इतर पेठांतही काढलं. प्रत्येक ठिकाणी लोक म्हणतात, आम्ही प्रेमाने बांधलंय. मी म्हणते, मला सांगू नका, माझ्यावरच्या प्रेमाने बांधलेला पार मी फोडून आलेय. नोटीस आम्ही आता वाचून दाखवतो. पहिल्या दिवशी मला लाज वाटली होती. आता माझा आवाज इतका तयार झालाय, की एका गल्लीत लोकांना वाटलं पाणी येणार आहे, आणि ते हंडे घेऊन बाहेर आले.

रोपं लावायचीही एक रीत बसली. पूर्वी मोकळी जागा दिसली की आम्ही खड्डा घ्यायचो. आता मी आधी सावलीचं गिऱ्हाईक शोधते. इथे कोण बसतं, कोण उभं राहतं, कुणाचं डोकं तापतं? रिक्षावाला, भाजीवाली, शाळेबाहेर पोरांची वाट बघणारी आई. जिला सावली हवी ती भांडी घासल्यावरचं पाणीही रोपाला नेऊन ओतते. गिऱ्हाईक नसेल तर खड्डा घेऊन उपयोग नाही, रोप आमच्या कागदावर जगतं आणि जागेवर वाळतं.

आमच्याच गल्लीत मी करंजाची रोपं लावायची ठरवली, कारण करंजाच्या पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. आईला अपमान वाटला. "माझ्या शेळीवर इस्वास न्हाई व्हय?"

"नोटीस खाणाऱ्या शेळीवर? अजिबात नाही."

तिने गुपचूप प्रत्येक रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आणि पांढऱ्या शेळीला नवं, जाड दावं आणलं. पहिलं रोप मागायला कोण आलं असेल? शेट. मुलाने दुसरी गाडी घेतली होती.

लिंब जागेवर आहे. वाळलेली फांदी काढली, पार गेला, बुंध्याभोवती आता माती आहे आणि शेंडा पुन्हा भरला आहे. करंज माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. फरशी आमच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. आई मे महिन्यातही दुपारी लिंबाखाली भाकऱ्या करते आणि तिला चक्कर येत नाही.